नाव ‘कॉमन’, फोटो अनकॉमन!

मृग नक्षत्र ओळखता येतं का तुम्हाला? थंडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर पूर्वेला वर येणारा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे. आपल्याकडच्या गोष्टीत तो व्याधाने हरणाला मारलेला बाण. त्या बाणाच्या जरासं खाली नीट निरखून पाहिलं, तर एक पुसट ठिपका दिसतो. काळ्या फळ्यावर कुणीतरी खडूचं बोट टेकवावं, तसा. छोट्या दुर्बिणीतून पाहिलं की तो राखाडी धुरासारखा पसरलेला दिसतो. आणि त्याचाच फोटो मोबाइलवर पाहिला, की गुलाबी-जांभळे पंख पसरलेला एखादा पक्षीच!

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा गेलेल्या बहुतेकांचा इथे थोडा हिरमोड होतो. एवढी रांग लावून दुर्बिणीला डोळा लावला आणि दिसलं काय, तर धूर! मग फोटोत ते सगळं येतं कुठून? एडिटिंग केलेलं असतं का?

रंग थोडे खुलवलेले असतात, हे खरं. पण फोटोतला पक्षी खोटा नसतो. आपल्याला तो दिसत नाही, कारण आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात जेवढा प्रकाश आत आला, तेवढ्यावर तो चित्र तयार करतो आणि पुढच्या तुकड्यासाठी पाटी कोरी करतो. तुम्ही त्या तेजोमेघाकडे दहा सेकंद बघा नाहीतर दहा तास बघा, डोळा अंधाराला सरावला की त्यापुढे काही जास्त दिसत नाही. फोटोची प्लेट मात्र एकदा आलेला प्रकाशकण सोडत नाही. ती साठवत राहते.

आज हे कुठल्याही फोटोग्राफी क्लबमधला फर्स्ट इयरचा विद्यार्थी सांगेल. पण १८८३ साली हे जगाला ठसठशीतपणे दाखवून देणारा माणूस कुठल्या वेधशाळेचा संचालक नव्हता, की कुठल्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. तो लंडनमध्ये नळ आणि ड्रेनेजची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता. दुर्बीण होती त्याच्या घरामागच्या बागेत. आणि त्याचं नाव होतं अँड्र्यू एन्स्ली कॉमन.

मागून आणलेली दुर्बीण

अँड्र्यूचा जन्म ७ ऑगस्ट १८४१चा, इंग्लंडच्या उत्तरेतल्या न्यूकॅसल अपॉन टाइन गावातला. वडील थॉमस कॉमन सर्जन होते. मोतीबिंदूवरच्या उपचारांसाठी त्यांचं त्या भागात नाव होतं. म्हणजे लोकांना नीट दिसावं, हाच त्यांचा व्यवसाय. पण अँड्र्यू लहान असतानाच वडील गेले आणि घराची घडी विस्कटली. मोठमोठ्या शाळा-कॉलेजांत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. लवकर कामाला लागणं भाग होतं.

आकाशाचा नाद मात्र दहाव्या वर्षीच लागला होता. घरात दुर्बीण घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आईने जवळच्या मॉरपेथ गावातल्या एका डॉक्टरांकडून मुलासाठी दुर्बीण मागून आणली. मागून आणलेली वस्तू परत करावी लागते, तशी ती परत गेली असणार. नाद काही परत गेला नाही.

तरुणपणी अँड्र्यू लंडनला आला आणि काकांबरोबर मॅथ्यू हॉल अँड कंपनीत काम करू लागला. कंपनीचं काम सॅनिटरी इंजिनीअरिंगचं. हे काम तेव्हा किती महत्त्वाचं होतं, ते समजून घ्यायला हवं. लंडनमध्ये कॉलराच्या साथी येत होत्या. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला एवढी दुर्गंधी सुटली होती, की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं खासदारांना नकोसं झालं. त्यानंतर शहरभर भुयारी गटारांचं मोठं जाळं उभं राहिलं. घराघरांत नळ, पाइप, शौचालयं बसवण्याचं काम निघालं. या धंद्यात अँड्र्यूचा चांगला जम बसला. १८६७ मध्ये लग्न झालं. पुढे एक मुलगा आणि तीन मुली झाल्या. सगळं मार्गी लागलं आणि हातात थोडा पैसा खुळखुळायला लागला, तशी ती जुनी मागून आणलेली दुर्बीण पुन्हा आठवली असावी.

१८७४च्या सुमारास त्याने साडेपाच इंची भिंगाची दुर्बीण घेऊन चंद्राचे आणि ग्रहांचे फोटो काढायला सुरुवात केली. तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं. शिक्षण सुटलेलं, दिवसभर नोकरी, घरी लहान मुलं. हौसेला सुरुवात करायला हे काही आदर्श वय नाही!

बागेत तीन फुटी आरसा

पुढच्या दोन-तीन वर्षांत कॉमन कुटुंब लंडनच्या पश्चिमेला ईलिंग या उपनगरात राहायला गेलं. पत्ता ६३, ईटन राइज. घराला मागे बाग होती. इतर लोक बागेत गुलाब लावत, कॉमनने दुर्बिणी लावल्या.

पहिल्यांदा त्याने स्वतःच आरसा घासायचा विचार केला होता. मग चेम्सफर्डच्या जॉर्ज कॅल्व्हर या नामांकित कारागिराकडून अठरा इंची आरसा करून घेतला. दुर्बिणीचा सांगाडा मात्र स्वतः आखला. या दुर्बिणीतून मंगळाच्या आणि शनीच्या उपग्रहांची निरीक्षणं करून झाली. पण समाधान होईना. अजून अंधूक वस्तू पकडायच्या, तर अजून मोठा आरसा हवा. १८७९ मध्ये कॅल्व्हरनेच बनवलेला छत्तीस इंची आरसा ईलिंगच्या बागेत आला. छत्तीस इंच म्हणजे जवळपास ९१ सेंटीमीटर. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त ताणली, तरी सात मिलिमीटरच्या आसपास भरते. त्या हिशेबाने हा आरसा आपल्या एका डोळ्याच्या सुमारे सतरा हजार पट प्रकाश गोळा करत होता. एका खासगी घराच्या बागेत!

हे सगळं हौसेखातर. त्या काळातल्या इंग्लंडमध्ये अशी हौस करणारे बरेच होते. कुणी कापड गिरणीवाला, कुणी बांधकाम कंत्राटदार, कुणी बिअरचा कारखानदार. अर्थात त्यासाठी खिसा भरलेला असावा लागे, हे विसरून चालणार नाही. पण कॉमनचा खिसा वडिलोपार्जित नव्हता, पाइप बसवून भरलेला होता. आणि पाइप बसवण्याचं ते ज्ञान दुर्बिणीतही कामी येणार होतं.

एका सेकंदात पसरणारा तारा

आकाशाचे फोटो काढण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचा फोटो काढला होता. १८५० मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित या ताऱ्याचा फोटो निघाला. पण चंद्र आणि अभिजित हे दोघेही चांगले तेजस्वी. तेजोमेघांचं काय?

अडचणी दोन होत्या. पहिली प्लेटची. जुनी ‘ओली’ प्लेट काचेवर रसायन ओतून, ते ओलं असेपर्यंतच वापरावी लागे. दहा-पंधरा मिनिटांत ती वाळली, की खेळ खलास. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरने जिलेटिनची ‘कोरडी’ प्लेट सुचवली आणि त्या दशकाच्या शेवटी ती बरीच संवेदनशील झाली. आता प्लेट कितीही वेळ उघडी ठेवता येऊ लागली.

मग दुसरी, खरी अडचण समोर आली. पृथ्वी फिरते! आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश; म्हणजे दर दोन मिनिटांना आकाश एक चंद्रभर पुढे जातं. कॉमनच्या छत्तीस इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर साडेसतरा फूट होतं. एवढ्या लांबीवर मृगातल्या ताऱ्याची प्रतिमा एका सेकंदात प्लेटवर सुमारे ०.४ मिलिमीटर सरकते. एक सेकंद दुर्लक्ष झालं, की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ झालीच म्हणून समजा. अर्धा तास फोटो काढायचा, तर तेवढा वेळ शेकडो किलोचं धूड आकाशाच्या वेगाने, न अडखळता, न थरथरता फिरवायचं. तेही वजनावर चालणाऱ्या घड्याळयंत्राने. मोटर नाही, सॉफ्टवेअर नाही.

इथे आपला ड्रेनेजवाला इंजिनीअर कामाला आला. दुर्बिणीच्या आसाचं वजन नुसतं बेअरिंगवर टाकलं, तर घर्षणाने ती अडखळणार. त्याने आस पोकळ लोखंडी केला आणि त्याचा भार पाऱ्यावर तरंगवला. जड वस्तू हलकी करायची असेल तर तिला तरंगू द्या, हे सगळ्या प्लंबरांना ठाऊक असतं. तरीही घड्याळयंत्र थोडं पुढे-मागे होणारच. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे दुर्बीण हलवण्याऐवजी प्लेट हलवायची. प्लेटची चौकट दोन दिशांना बारीक स्क्रूने सरकवता येईल अशी केली आणि तिच्या कडेला एक छोटं नेत्रभिंग बसवलं. त्यातल्या उभ्या-आडव्या तारेवर एक तारा धरून ठेवायचा. तो हलला की स्क्रू फिरवून प्लेट त्याच्या मागे न्यायची. आज तुमचा एखादा मित्र गॅलरीत ‘ऑटोगायडर’ लावून फोटो काढत असेल, तर त्या यंत्राचा आजोबा म्हणजे ही चौकट.

सदतीस मिनिटं

या सगळ्यात कॉमन एकटा नव्हता. अमेरिकेत हेन्री ड्रेपर हे डॉक्टर (चंद्राचा फोटो काढणाऱ्या ड्रेपर यांचेच चिरंजीव) याच मागे लागले होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी हडसन नदीकाठच्या आपल्या खासगी वेधशाळेतून मृगातल्या तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला. ५१ मिनिटांचं एक्स्पोजर. मार्च १८८२ मध्ये त्यांनी १३७ मिनिटांपर्यंत मजल मारली. तिकडे ईलिंगच्या बागेतही प्रयत्न चालू होते. नोव्हेंबर १८८२ मध्ये ड्रेपर अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. शर्यतीतला दुसरा गडीच मैदानात राहिला नाही.

३० जानेवारी १८८३. लंडनची कडाक्याची थंडी. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत प्रतिमा नळीच्या वरच्या टोकाला बाजूने बाहेर येते, म्हणजे माणसानेही वर मचाणावर उभं राहायचं. प्लेट लावली, झाकण उघडलं. सदतीस मिनिटं. एवढ्या वेळात आकाश नऊ अंशांहून अधिक सरकलं, म्हणजे ओळीने अठरा चंद्र मांडले तर जेवढं अंतर भरेल तेवढं. प्लेटवरचे तारे मात्र ठिपकेच राहिले.

प्लेट धुतल्यावर जे दिसलं, त्याने खगोलशास्त्राची दिशा बदलली. तेजोमेघाचे पंख, पदर, मधल्या काळ्या खाचा सगळं होतंच. पण त्याशिवाय असे तारेही होते, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून कुणालाही दिसत नव्हते. डोळ्याला दिसतं त्याची नोंद ठेवणं, एवढंच फोटोचं काम असतं असं तोवर मानलं जाई. या प्लेटने दाखवलं, की फोटो डोळ्याच्या पुढे जातो. मोतीबिंदूवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मुलाने सगळ्या माणसांच्या डोळ्यांवरचं एक झाकण बाजूला केलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

याचं महत्त्व कळायला तेव्हाची पद्धत माहीत हवी. तोवर तेजोमेघ हाताने काढले जात. रात्री दुर्बिणीतून बघायचं, कंदिलाच्या उजेडात पेन्सिलने कागदावर उतरवायचं, पुन्हा बघायचं. दोन नामवंत निरीक्षकांची चित्रं एकमेकांशी जुळत नसत. मग वाद व्हायचे: तेजोमेघ बदलला, की काढणाऱ्याचा हात? अमेरिकेतल्या एडवर्ड होल्डन यांनी १८८२ मध्ये मृगाच्या तेजोमेघाची तोवरची चित्रं गोळा करून अख्खा ग्रंथ लिहिला. आणि लगेच पुढच्या वर्षी एका प्लेटने ती सगळी चित्रं मागे टाकली. १८८४ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमनला सुवर्णपदक दिलं. पुढच्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शाळा अर्ध्यावर राहिलेला, दिवसा नोकरी करणारा माणूस!

मृगातला हा तेजोमेघ त्या काळात सगळ्यांच्याच कुतूहलाचा विषय होता. अगदी आपल्या पुण्यातही. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. नायगमवालांनी याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास करून त्यावर इंग्लंडच्या नियतकालिकात लेख लिहिला. पुढे १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाइकनालला गेली.

अजून मोठा, अजून मोठा

इथपर्यंतची गोष्ट यशाची. पण कॉमनची पुढची वर्षं जास्त विचार करायला लावणारी आहेत.

ज्या दुर्बिणीने सुवर्णपदक मिळवून दिलं, ती त्याने १८८५ मध्ये विकून टाकली. का? तर अजून मोठी हवी होती. छत्तीस इंचांवरून थेट साठ इंच, म्हणजे पाच फूट. शिवाय या वेळी आरसा स्वतः घासायचा. कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं, की हातातला चांगला कॅमेरा जुना वाटायला लागतो ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त याचं वजन टनांत होतं.

बागेत आता घासकामाचं यंत्र आलं. पाच फुटी काचेची जाड चकती आली. त्याने घासणं, पॉलिश करणं, तपासणं, पुन्हा घासणं असं चक्र सुरू केलं. आरशाचा आकार इंचाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात अचूक लागतो. हाताच्या उबेने काच फुगते, ती निवेपर्यंत थांबावं लागतं. एवढं करून आरसा तयार झाला, दुर्बिणीत बसला आणि तारे गोल दिसण्याऐवजी लंबगोल दिसू लागले. दुसरी चकती आणली. पुन्हा पहिल्यापासून. दुर्बिणीचा आस या वेळी एक प्रचंड पोलादी पिंप होतं आणि ते पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवलेलं होतं. नळवाल्याचा हात इथेही दिसतो. १८९१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, हे चालू राहिलं. दरम्यान १८९० मध्ये कॉमन कंपनीतून निवृत्त झाला. आता सगळा वेळ आकाशाला देता येणार होता.

पण ही दुर्बीण काही वापरात रुळली नाही. तिची नळी एवढी उंच, की वर पोहोचायला उंच मचाण लागे. अंधारात, थंडीत, झोपेच्या वेळी. एका रात्री कॉमन त्या मचाणावरून पडता पडता वाचला. त्यानंतर त्याने त्या दुर्बिणीचा नाद सोडला तो कायमचाच. सदतीस मिनिटांच्या तोडीचं काम पाच फुटी आरशाकडून त्याच्या हातून झालं नाही.

आता इथे एखादा कडवट होऊन बसला असता. कॉमनने हात चालू ठेवले. आरसे घासून घासून त्याच्या बोटांत जी कला उतरली होती, ती त्याने दुसऱ्यांना देऊन टाकली. इतर वेधशाळांसाठी आणि सूर्यग्रहणाच्या मोहिमांसाठी त्याने उत्तम आरसे बनवले. ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या तीस इंची दुर्बिणीचा आरसा त्याच्याच हातचा. १८८४ पासून अकरा वर्षं तो रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा खजिनदार होता, मग १८९५ ते १८९७ अध्यक्ष. शेवटच्या वर्षांत त्याचं लक्ष वळलं ते तोफा-बंदुकांवर बसवायच्या दुर्बिणींकडे. ब्रिटिश नौदलाच्या आणि लष्कराच्या नेमबाजीत त्याने मोठी सुधारणा घडवली. ज्याने अंधूक प्रकाश साठवायला शिकवलं, त्याचीच भिंगं नेम धरायच्या कामी आली, हे वाचताना आपल्याला जरा टोचतं. पण त्याचं आयुष्य होतं तसंच सांगायला हवं.

२ जून १९०३ रोजी ईलिंगच्या घरीच हृदय बंद पडून कॉमन गेला. वय एकसष्ट. दुसऱ्या वर्षी ती पाच फुटी दुर्बीण हार्वर्डच्या वेधशाळेने विकत घेतली.

विकलेल्या दुर्बिणीचं काय झालं?

ती छत्तीस इंची दुर्बीण घेतली होती एडवर्ड क्रॉसली यांनी. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचे गालिच्यांचे कारखानदार. पण तिथलं आकाश सदा ढगाळ आणि धुराने भरलेलं. शेवटी १८९५ मध्ये क्रॉसलींनी ती अमेरिकेला, कॅलिफोर्नियात डोंगरमाथ्यावर असलेल्या लिक वेधशाळेला भेट देऊन टाकली. तिथले संचालक कोण? तेच एडवर्ड होल्डन, मृगाच्या चित्रांचा ग्रंथ लिहिणारे!

सुरुवातीला लिकमधल्या लोकांना ही दुर्बीण म्हणजे नसती डोकेदुखी वाटली. १८९८ मध्ये जेम्स कीलर यांनी ती हातात घेतली. दुरुस्त्या केल्या, जुळणी सुधारली आणि कॉमनच्याच पद्धतीने, प्लेटची चौकट सरकवत, तासन्‌तास फोटो काढू लागले. ज्या तेजोमेघाचा फोटो काढायचा, त्याच्या आजूबाजूला त्यांना प्लेटवर आणखी चिमुकले तेजोमेघ दिसू लागले. एकेका प्लेटवर कितीतरी. हिशेब मांडून त्यांनी सांगितलं, की या दुर्बिणीच्या आवाक्यात किमान एक लाख वीस हजार तेजोमेघ असावेत आणि त्यातले पुष्कळसे चक्राकार आहेत. ही चक्रं नेमकी काय आहेत, हे कळायच्या आत १९०० साली, बेचाळिसाव्या वर्षी, कीलर वारले. ती आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे १९२०च्या दशकात एडविन हबल यांच्या कामातून पक्कं झालं.

म्हणजे बघा. विश्व किती मोठं आहे याची पहिली चाहूल ज्या आरशाने दिली, तो ईलिंगच्या बागेतला. कॉमनने मोठ्या आरशाच्या ओढीने जो विकला, तोच. छत्तीस इंचांत काय काय दडलं होतं, ते त्याला पुरतं कळलं नाही, कारण त्याने त्याला पुरेसा वेळ दिला नाही. आणि गंमत म्हणजे, वेळ दिला की किती दिसतं, हे जगाला दाखवणारा माणूस तोच होता.

आता तुमच्याकडे वळू या. पुण्या-मुंबईच्या आकाशात दिव्यांचा उजेड इतका आहे, की मृगातला तो खडूचा ठिपकाही कित्येकदा हरवतो. पण सुट्टीत गावी गेलात किंवा मित्रांबरोबर ट्रेकला गेलात, तर एक प्रयोग करून बघा. कॅमेरा किंवा चांगला मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, मृगाकडे रोखा आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो काढत राहा. एक फोटो काढून थांबू नका, शंभर काढा. मग फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचा. शंभर गुणिले दहा म्हणजे हजार सेकंद, जवळपास सतरा मिनिटं. बाणाच्या खालचा तो पुसट ठिपका हळूहळू पसरायला लागेल, थोडा गुलाबीही होईल. तो प्रकाश तिथून निघाला, त्याला सुमारे तेराशे वर्षं झाली. तो आपल्यासाठी एवढा थांबलाय, तर आपण त्याच्यासाठी सतरा मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

आणि मोठी दुर्बीण घ्यायचा विचार मनात आला, तर आधी हातात आहे तिच्यावर आणखी एक हिवाळा काढा. कॉमन असता, तर त्यानेही बहुधा हेच सांगितलं असतं.